'आम्हाला काही नको' म्हणणाऱ्या घराला मदत कशी करायची?

प्रश्न : मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या ट्रॅरॅल्गनला नर्स आहे. माझ्या वॉर्डातली एक सहकारी आणि तिचा नवरा दोघंही 'कंट्री फायर ऑथॉरिटी'चे, म्हणजे खेड्यापाड्यांत आग विझवणाऱ्या सीएफएचे स्वयंसेवक आहेत. गेल्या आठवड्यातल्या वणव्यात त्यांचं शेतावरचं राहतं घर, गवताची शेड आणि बहुतेक कुंपण जळून गेलं. नवरा तेव्हा दुसऱ्या गावात आगीच्या टँकरवर, म्हणजे बंबावर होता. ती दोन मुलं, कुत्रा आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन आधीच निघाली होती. काही गुरं वाचली आहेत. सध्या सगळे तिच्या बहिणीकडे राहतात. काय हवं विचारलं की म्हणतात, "आम्हाला काही नको, आमच्यापेक्षा वाईट हाल झालेले लोक आहेत." मंडळातल्या आम्ही काही जणांनी कपडे, भांडी, धान्य गोळा करायला घेतलं आहे. पाडव्याच्या कार्यक्रमात दोघांचा सत्कार करावा असंही काहींना वाटतं. आणखी काय करता येईल? आणि आम्हाला स्वतःला सीएफएमध्ये जाता येईल का?

उत्तर : कपडे गोळा करणं आजच थांबवा. जमलेत ते जवळच्या ऑप-शॉपला, म्हणजे जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानाला देऊन टाका, पण गाडी भरून त्या बहिणीच्या दारात नेऊ नका. मी व्हिक्टोरियातल्या खेड्यापाड्यांत वणव्यानंतरच्या पुनर्वसनाचं काम करते. न मागितलेल्या वस्तू निवडण्यात आणि हलवण्यात जेवढी माणसं अडकून पडतात तेवढी दुसऱ्या कशात अडकलेली मी पाहिली नाहीत. ७ फेब्रुवारी २००९ चा 'ब्लॅक सॅटर्डे', व्हिक्टोरियातल्या भीषण वणव्यांचा दिवस आठवा. १७३ माणसं गेली, दोन हजारांवर घरं गेली, आणि पाठोपाठ ४० हजारांहून जास्त पॅलेट भरून सामान आलं. ते ठेवायला गोदामं लागली आणि गोदामांना पैसे लागले. तुमच्या मैत्रिणीकडे तर गोदामही नाही, बहिणीच्या घरातली एखादी खोली आहे. तिथे चार पोती कपडे आले की ते ठेवायचे कुठे आणि आणणाऱ्याला 'नको' म्हणायचं कसं, अशी दोन कामं तिच्या गळ्यात पडतात. वस्तूच द्यायची तर 'गिव्हइट'सारख्या संस्थेमार्फत द्या. तिथे आधी गरज नोंदवली जाते, मग ती पुरवणारा शोधला जातो. अमुक मापाचे गमबूट हवेत म्हटलं की त्याच मापाचे येतात.

सत्कारही नको. शाल-श्रीफळामागचा हेतू मला कळतो, आपली कौतुकाची रीतच ती आहे. पण त्या माणसाच्या बाजूने बघा. त्या दिवशी त्याने कुणाचं घर वाचवलं असेल, कुणाचं डोळ्यांदेखत गेलं असेल, आणि तेवढ्यात रेडिओवर स्वतःच्या रस्त्याचं नाव ऐकलं असेल. टँकर सोडून निघता येत नाही, कारण सोबत आणखी चौघं असतात आणि टँकर 'स्ट्राइक टीम'मध्ये, म्हणजे पाच टँकरच्या तुकडीत असतो. अशा माणसाला माईकसमोर उभं करून 'हिरो' म्हटलं की त्याला आठवतात ती न वाचलेली घरं. शिवाय त्याच ब्रिगेडमध्ये, म्हणजे सीएफएच्या गावच्या पथकात, आणखी कुणाचं घर गेलं असेल तर एकाच्याच गळ्यात हार पडल्याचं गावात बरेच दिवस बोललं जातं. कौतुक करायचंच असेल तर मंडळातल्या मुलांकडून एक पत्र लिहून घ्या आणि ब्रिगेडच्या शेडमध्ये नेऊन द्या. ते फलकावर लागतं आणि सगळ्यांचं होतं.

आता 'आम्हाला काही नको' याविषयी. हा संकोच नाही आणि नाटकही नाही. अग्निशमन स्वयंसेवकाने वर्षानुवर्षं एकच भूमिका केलेली असते, मदतीला जाणाऱ्याची. पूर असो, अपघात असो, रात्री दोनला पेजर वाजला की तो निघतो. बाजू बदलून मदत घेणारा व्हायचं तर त्याला काय बोलावं तेही सुचत नाही. म्हणून 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य त्यांच्या बाबतीत कुचकामी आहे. ते कधीच सांगणार नाहीत. त्याऐवजी दिवस, वेळ आणि काम ठरवून विचारा : "मंगळवारी माझी सुट्टी आहे. तीनला मुलांना शाळेतून घेते, जेवू घालते, साडेसहाला तुझ्या बहिणीकडे सोडते. चालेल?" याला 'हो' म्हणायला फार धैर्य लागत नाही. 'नाही' आलं तर पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारा, तितक्याच सहजपणे.

तुम्ही तिच्याच वॉर्डात आहात, ही तुमच्या हातातली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. मंडळाला जे जमणार नाही ते तुम्हाला जमेल, ते म्हणजे रोस्टर. पुढचे दोन-तीन महिने तिला विमा कंपनीचा माणूस, कौन्सिल, बँक, जनावरांचा डॉक्टर यांच्या वेळा पाळायच्या आहेत आणि त्या सगळ्या दिवसाच्या असतात. चार-पाच नर्सेसनी मिळून तिच्या अडचणीच्या पाळ्या अदलाबदल करून घेतल्या तर तिची रजा वाचते आणि पगारही चालू राहतो. वॉर्डच्या मॅनेजरशी आधी बोलून घ्या, म्हणजे दरवेळी तिला स्वतःला विनवणी करावी लागणार नाही. दोघांपैकी कुणी पुन्हा आगीवर गेलं तर 'फेअर वर्क' कायद्याखाली त्यांना कम्युनिटी सर्व्हिस लीव्ह, म्हणजे अशा स्वयंसेवेसाठीची रजा मिळते. ती बिनपगारी असते, पण त्यामुळे नोकरीला धक्का लागत नाही.

पैशांबाबत नीट समजून घ्या, कारण इथे चांगल्या मनाच्या लोकांचा सर्वाधिक गोंधळ होतो. ब्रिगेडच्या खात्यात दिलेला पैसा ब्रिगेडचा असतो. तो होजपाइप, रेडिओ, गाडी यांवर जातो आणि तो तसाच जायला हवा. पण तो या कुटुंबाला मिळेल असं गृहीत धरू नका. जानेवारी २०२० मध्ये कॉमेडियन सेलेस्ट बार्बर हिने न्यू साऊथ वेल्सच्या रूरल फायर सर्व्हिससाठी फेसबुकवरून ५ कोटी १० लाख डॉलरच्या वर निधी जमवला. देणाऱ्यांपैकी कित्येकांना वाटत होतं की यातून घरं गेलेल्यांना, प्राण्यांना, सगळ्यांना मदत होईल. प्रकरण न्यू साऊथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टात गेलं. मे २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं की ज्या ट्रस्टला पैसा दिला त्याच्या उद्देशाबाहेर तो जाऊ शकत नाही. जखमी स्वयंसेवक आणि मृत स्वयंसेवकांची कुटुंबं यांच्यासाठी तो वापरता येईल, इतर संस्थांना वाटता येणार नाही. तेव्हा कुटुंबाला द्यायचं असेल तर थेट कुटुंबाला द्या. देणाऱ्याला त्यावर करसवलत मिळत नाही, हे मंडळात आधीच सांगून टाका. 'व्हॉलंटियर फायर ब्रिगेड्स व्हिक्टोरिया' या स्वयंसेवकांच्या संघटनेचा एक वेल्फेअर फंड आहे. त्यासाठी त्यांची ब्रिगेड पात्र आहे का, हे कॅप्टनला विचारा. हा अर्ज ते स्वतः होऊन बहुधा करणार नाहीत, कॅप्टनने फॉर्म पुढे ठेवला तर करतील.

ऑनलाइन वर्गणीचं पान त्यांना न विचारता कधीही उघडू नका. मुलांचे फोटो, जळलेल्या घराचे फोटो, 'आपल्या हिरो कुटुंबासाठी' असा मथळा, हे सगळं शेजारपाजारच्यांनी पाहिल्यावर त्यांना दुकानात जायची चोरी होते. मी मंडळाला सहसा सुचवते ते असं : जमलेली रक्कम त्यांच्या गावातल्या शेतीमालाच्या दुकानात त्यांच्या नावावर जमा करा, थोडी पेट्रोल पंपाच्या कार्डावर, थोडी बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानाच्या गिफ्ट कार्डावर. हातात पैसे ठेवले की ते परत करतात. दुकानात खातं मांडून ठेवलं की वापरतात, आणि गावातलं दुकानही चालतं.

सरकारी मदत मागायला लाजू नका, एवढं तिला तुम्ही नर्स म्हणून सांगा. ती ऐकेल. केंद्र सरकारने त्या आपत्तीसाठी लागू केली असेल तर डिझास्टर रिकव्हरी पेमेंट मोठ्या माणसाला १,००० डॉलर आणि मुलाला ४०० डॉलर असं एकदाच मिळतं. उत्पन्न बुडालं असेल तर डिझास्टर रिकव्हरी अलाउन्स जास्तीत जास्त १३ आठवडे मिळतो. २०१९-२० च्या मोसमात स्वयंसेवकांना दिवसाला ३०० डॉलर, एकूण ६,००० डॉलरपर्यंत, देण्याची घोषणा झाली होती. ती त्या मोसमापुरती होती, ती आता मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शेतीच्या कर्जाचं आणि हिशोबाचं गाडं अडलं असेल तर रूरल फायनान्शियल काउन्सेलिंग सर्व्हिस फुकट आहे आणि तिथली माणसं शेती जाणणारी आहेत. या एका फोनचा आग्रह मी सगळ्यांना धरते.

विम्याचं काम मात्र तुमच्यासारखी मैत्रीणच करू शकते. तुम्ही कधी त्यांच्याकडे जेवायला, बार्बेक्यूला, मुलांच्या वाढदिवसाला गेला असाल. त्या दिवशीचे फोनमधले सगळे फोटो शोधून काढा, चेहरे नीट न आलेले सुद्धा. केक कापतानाच्या फोटोत मागे कपाट दिसतं, कपाटावर मिक्सर, शिलाई मशीन, भिंतीवरचं आजोबांचं घड्याळ. सामानाची यादी विमा कंपनी मागते खोलीवार, आणि घर गेलेल्या बाईला स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये काय होतं ते आठवता आठवता रडू येतं. वॉर्डातल्या सगळ्यांकडून असे फोटो मागवा, एका फोल्डरमध्ये घाला आणि तिला म्हणा, "यादी मी लिहिते, तू फक्त सांग." एका बैठकीत एक खोली, त्याहून जास्त नको. या फोटोंचा दुसरा उपयोग सांगायला नकोच. तिचे स्वतःचे अल्बम गेलेत.

बाकी विम्याचं थोडक्यात. पहिल्याच आठवड्यात रोख रकमेवर तडजोड करून सही करायची घाई नको. घराच्या पॉलिसीत राडारोडा उचलण्याचा खर्च आणि तात्पुरत्या भाड्याचा खर्च आहे का, किती काळ आहे, हे लेखी विचारायचं. कुंपण, गवत, यंत्रं हे बहुधा शेतीच्या पॉलिसीत वेगळं असतं. विम्याची रक्कम जुन्या घराच्या हिशोबाने ठरलेली असते आणि नवं घर नव्या नियमांनी बांधावं लागतं, ही तूट जवळपास प्रत्येकाला बसते. ब्लॅक सॅटर्डेनंतर वणव्याच्या भागातल्या बांधकामाचं मानक कडक झालं. आता जागेचं 'बाल' (बुशफायर अटॅक लेव्हल) रेटिंग, म्हणजे तिथे वणव्याचा धोका किती ते ठरवतात : लो, १२.५, १९, २९, ४० आणि सगळ्यांत वर फ्लेम झोन. झाडीच्या कडेला घर असेल तर काचा, दारं, व्हेंटच्या जाळ्या, सगळ्यांचा खर्च रेटिंगबरोबर चढत जातो. कंपनीशी जुळलंच नाही तर ऑस्ट्रेलियन फायनान्शियल कम्प्लेंट्स अथॉरिटीकडे तक्रार करता येते. ग्राहकाला तिथे पैसे पडत नाहीत.

शनिवारी सगळे मिळून राख उपसायला जाऊ, असं मंडळात कुणीतरी म्हणेलच. जाऊ नका. १९८०च्या दशकापर्यंतच्या घरांत अॅस्बेस्टॉसचे पत्रे असण्याची शक्यता मोठी असते आणि जळल्यावर ते ठिसूळ होऊन राखेत मिसळतात. तपासणी होऊन परवानगी मिळेपर्यंत तिथे कुणी फावडं मारायचं नाही. तिला अंगठी किंवा आईची बांगडी शोधायची असेल, आणि ती इच्छा बहुतेकांना होतेच, तर पी-२ मास्क, हातमोजे, अंगभर कपडे आणि तपासणाऱ्याची परवानगी, एवढं झाल्यावर एकाने सोबत जावं. सेप्टिक टाकीचं झाकण आगीने कमकुवत झालेलं असतं, त्यावर पाय द्यायचा नाही. पावसाच्या पाण्याच्या टाकीत राख गेली असेल तर ते पाणी पिऊ नये आणि गुरांनाही पाजू नये.

गुरांवरून आठवलं. कुंपणाचे खांब हिरवट रंगाचे, औषध मारलेल्या पाइनचे असतील तर त्यांच्या राखेत आर्सेनिक असतं. राख खारट लागते म्हणून गुरं ती चाटतात आणि मरतात. वणव्यातून वाचलेलं जनावर आठवड्याने राखेपायी जाणं यासारखा संताप दुसरा नाही. तेव्हा वाचलेली गुरं कुठे बांधली आहेत आणि त्या जागी जळके खांब आहेत का, एवढा एक प्रश्न नवऱ्याला जरूर विचारा. त्याला हे माहीत असणार. पण चार रात्री न झोपलेल्या माणसाला आठवण करून दिलेली बरी. चारा द्यायचा असेल तर गवताचे गोल गठ्ठे की चौकोनी, हे आधी विचारा. गोल गठ्ठा शेकडो किलोंचा असतो, ट्रॅक्टर जळाला असेल तर तो ट्रकवरून उतरवणार कोण? शिवाय बाहेरच्या गवताबरोबर बाहेरचं तण येतं, म्हणून ते शेताच्या एकाच तुकड्यात घालावं लागतं.

मंडळाच्या धडधाकट माणसांना घाम गाळायचाच असेल तर 'ब्लेझएड'कडे नाव नोंदवा. ब्लॅक सॅटर्डेनंतर किलमोर ईस्टच्या एका शेतकरी दांपत्याने स्वतःचं कुंपण उभारताना ही संस्था सुरू केली. आज ती आपत्तीच्या गावात तळ ठोकून शेतकऱ्यांची कुंपणं बांधून देते. जळलेली तार ठिसूळ होते. ती कापून, गुंडाळून बाहेर काढणं हेच अर्धं काम, आणि ते शिकवणारं कुणीतरी तिथे असतं. शेतकऱ्याला कुंपणाचं महत्त्व घराइतकंच असतं. घर नसलं तर बहिणीकडे राहता येतं, कुंपण नसलं तर गुरं रस्त्यावर येतात.

जेवणाबद्दल आपल्या लोकांना सांगावं लागत नाही. २०२० च्या जानेवारीत बेअर्न्सडेलला 'सिख व्हॉलंटियर्स ऑस्ट्रेलिया'च्या लोकांनी गाडी लावून घर सोडून आलेल्यांना गरम भात-करी वाढली, ते अजून गिप्सलँडमध्ये, म्हणजे आपल्या पूर्व व्हिक्टोरियात आठवतात. फक्त एका कुटुंबाला द्यायचं तेव्हा थोडं द्या, बेताचं तिखट, फेकून देता येतील अशा डब्यांत, वर काय आहे ते लिहून. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. इकडच्या बाईला तो कुणाचा आणि कधी धुऊन परत करायचा, याचीच चिंता लागते.

बोलण्यात काय टाळायचं? 'जीव वाचले हे महत्त्वाचं' हे त्यांना ठाऊक आहे. 'विमा होता ना?' हे विचारायचं नाही. आणि 'तो घरी असता तर वाचलं असतं का?' हे कुणाच्याही तोंडून, मुलांसमोर तर अजिबातच, निघता कामा नये. हा प्रश्न त्या दोघांमध्ये आधीच येऊन बसलेला असतो. तो आगीवर गेला म्हणून ती एकटी निघाली. तिच्या मनात राग असू शकतो आणि त्या रागाची लाजही. ती तुमच्याशी कधी हे बोलली तर बाजू घेऊ नका, नुसतं ऐका. त्याला 'त्या दिवशी काय झालं ते सांग, मोकळा होशील' असं कुणी बसवून खोदू नये. घटनेनंतर सगळ्यांकडून एका बैठकीत जबरदस्तीने वदवून घेण्याची जुनी पद्धत तज्ज्ञ आता सुचवत नाहीत, तिचा फायदा दिसलेला नाही. सीएफएकडे स्वतःचे पीअर सपोर्टचे लोक, म्हणजे आधार द्यायला शिकलेले सहकारी, आणि धीर देणारे चॅप्लिन आहेत. तो त्यांच्याशी बोलेल, कारण ते टँकर ओळखतात. पहिले काही आठवडे झोप न येणं, चिडचिड, धुराच्या वासाने दचकणं हे होणारच. महिना उलटूनही तसंच राहिलं, दारू वाढली, किंवा 'माझ्यावाचून बरं चाललं असतं' अशी भाषा आली, तर जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नेणं हे तुमचं काम. तातडी वाटली तर लाइफलाइन ही हेल्पलाइन १३ ११ १४, आणि जिवाला धोका वाटला तर थेट ०००.

एक गोष्ट पाहून तुम्हाला धक्का बसेल : तो पुढच्याच आठवड्यात पुन्हा टँकरवर चढेल. 'वेड लागलंय का?' म्हणून त्याला अडवू नका. त्याच्या हातात सध्या जी एकच गोष्ट धड चालते आहे ती तीच आहे. मेलबर्न विद्यापीठाने ब्लॅक सॅटर्डेच्या गावांचा बरीच वर्षं पाठपुरावा केला. त्यात स्थानिक गटांशी जोडलेली माणसं तुलनेने बरी सावरलेली दिसली, आणि आगीइतकाच नंतरच्या पैशांच्या, घराच्या, नात्यांच्या ताणाने लोकांना त्रास झालेला दिसला. त्यामुळे तो ब्रिगेडमध्ये गेला तर जाऊ द्या, आणि मागे राहिलेली बाजू तुम्ही धरा. पुढच्या उन्हाळ्यात 'टोटल फायर बॅन'चा, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदीचा दिवस जाहीर झाला की आदल्या रात्री तिला मेसेज करा, "उद्या मुलं माझ्याकडे." पेजर वाजल्यावर मुलं कुठे ठेवायची, हा त्या घरातला रोजचा प्रश्न असतो आणि या घरात आता तो आणखी अवघड झाला आहे.

मंडळातला उत्साह मार्चपर्यंत ओसरेल, हे धरूनच चाला. घर पुन्हा उभं राहायला दोन वर्षं सहज जातात, कधी जास्त. त्यातला मोठा भाग कॅरॅव्हॅनमध्ये किंवा शेडमध्ये जातो आणि हिवाळा तिथे फार वाईट असतो. म्हणून जमलेली रक्कम आत्ता सगळी देऊ नका. तिसरा हिस्सा जून-जुलैच्या हिवाळ्यासाठी ठेवा, तेव्हा गॅस, लाकूड, जाड पांघरुणं यांची बिलं येतात आणि विचारणारं कुणी नसतं. आणखी थोडा बांधकाम सुरू होईल तेव्हासाठी.

तुम्हाला सीएफएमध्ये जायचं असेल तर जरूर जा. सोळा वर्षांपुढे सीनियर सभासद होता येतं, अकरापासून ज्युनियर गट असतो, आणि सगळ्यांना होज धरावा लागतो असं नाही. हिशोब, रेडिओ, स्वयंपाक, गावातल्या बैठका यांना माणसं कायम कमी असतात. तुमच्या घराजवळच्या ब्रिगेडच्या कॅप्टनला आत्ता फोन करू नका, आत्ता त्याला जेवायला वेळ नाही. एप्रिलमध्ये करा, प्रशिक्षणाला बहुधा त्यानंतरच जोर येतो.